धोंडीबुवांच्या मठाची हद्द

“आन् लिंब?”

धोंडीबुवांनी एवढंच विचारलं.

गहिनीनाथ उंबऱ्याबाहेर उभा होता. हातात नकाशाची लांब गुंडाळी, अंगात कडक इस्त्रीचा सदरा. नुकतीच त्याने मोठी आनंदाची बातमी सांगितली होती. बुवा पाठीवर थाप मारतील, निदान हसतील तरी, अशी त्याची अपेक्षा होती.

“लिंबाचं काय, बुवा?”

“तेच इचारतोय. लिंबाचं काय?”

“लिंब जाणार.”

“बरं...”

बुवांनी मांडीवर कापूस घेतला आणि पुन्हा वाती वळायला सुरुवात केली.

आमचा मठ नावालाच मठ आहे. पुढे बुवांची एक खोली, तिच्यामागे त्यांच्या गुरूंची समाधी, समाधीच्या बाजूला स्वयंपाकघर. संपला मठ. खोलीचं दार थेट रस्त्यावर उघडतं. रस्ता बैलगाडीच्या काळातला, दोन रिक्षा समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं. आणि रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला लिंब. बुंधा दोघांच्या कवेत मावत नाही. भोवती दगडी पार. फांद्या रस्ता ओलांडून मठाच्या कौलांवर आल्या आहेत, त्यामुळे दुपार कलली तरी उन्हाला आमचा उंबरा सापडत नाही.

पूर्वी ह्या रस्त्याला दोन्ही अंगांनी लिंब होते. गावाचं शहर झालं. रस्ता बाजाराकडून रुंद होत होत आला आणि येताना एकेक लिंब घेत आला. आता तो आमच्या दारापर्यंत पोचला होता.

गहिनीनाथ हा आमचाच. बाप लवकर गेला, आई बाजारात भाजी विकायची. शाळा सुटली की पोरगं इकडे यायचं. इथेच जेवला, इथेच अभ्यास केला, दिव्याखाली पुस्तकावर डोकं ठेवून इथेच झोपला. पुढे शिकला आणि नगररचनेचा साहेब झाला. शहरातला कुठला रस्ता कुठून न्यायचा हे आता तो ठरवतो. आम्हाला त्याचा अभिमान आहे. त्याला स्वतःला तर जरा जास्तच आहे.

पण साहेब झाला तरी तो उंबऱ्याबाहेरच उभा होता. आमच्या मठाचा तसा नेमच आहे. कुणीही येवो, त्याने उंबऱ्याशी थांबायचं. बुवा ‘आत ये’ म्हणाले की मगच पाय टाकायचा. एकदा कलेक्टरसाहेब आले, तेही थांबले. बुवांच्या गुरूंपासून हे चालत आलंय, आणि का ते कुणी विचारत नाही. बुवा कुणाला फार वेळ ताटकळत ठेवत नाहीत. पायताणाचा आवाज आला की आतून हाक येतेच.

त्या दिवशी हाक आली नव्हती.

मी आणि मठाचा स्वयंपाक बघणारी साळूबाई समोर पारावर बसून संध्याकाळच्या पंगतीसाठी घेवडा निवडत होतो. मध्ये एवढासा रस्ता, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. न ऐकण्याइतके आम्ही दोघेही सज्जन नाही.

“बुवा, तुमच्या लक्षात नाही आलं,” गहिनीनाथ म्हणाला. त्याने नकाशा उलगडला आणि दाराच्या चौकटीला धरून उभा केला. “मूळ आखणी मठावरून जात होती. मागची समाधी आणि स्वयंपाकघर राहत होतं, पण ही खोली पूर्ण जात होती. तुमची खोली! मी ती रेषा पलीकडे वाकवली. हे बघा. मठाची एक वीट हलणार नाही.”

“ह्यो भगवा चौकोन कसला?”

“हा मठ.”

“आन् ह्यो हिरवा ठिपका?”

“तो... लिंब.”

बुवांनी नकाशाच्या जवळ तोंड नेलं. त्यांना कमी दिसतं हे खरं, पण इतकंही कमी दिसत नाही.

“मला वाटलं माशी बसली.”

साळूबाई फिस्कन हसली. मी तिला कोपर मारलं.

“नकाशात खोडच दाखवतात, बुवा. फांद्या दाखवत नाहीत.”

“का रं?”

“पद्धत आहे तशी. जमिनीवर जे उभं असतं, ते दाखवायचं. वरचं नाही.”

“आन् सावली?”

“सावली कशी दाखवणार? ती हलते.”

“व्हय की. हलती खरी...”

बुवांची वात वळून झाली. त्यांनी ती बाजूला ठेवली, दुसरी घेतली.

रस्त्यावरून एक टेम्पो आला आणि अडकला. गहिनीनाथाची पांढरी गाडी लिंबाच्या सावलीत उभी होती. एवढं शहाणपण साहेबांकडे होतं. टेम्पोवाल्याने भोंगा वाजवला, काहीतरी पुटपुटला, आणि आरसा मिटून कसाबसा पार झाला.

“पाहिलंत?” गहिनीनाथ म्हणाला. “असं रोज होतं. गेल्या महिन्यात इथेच रुग्णवाहिका अडकली. आत बाळंतीण होती. आठवतंय ना?”

“आठवतंय. साळूनं पाणी नेऊन दिलं तिला.”

“मग? रस्ता नको का?”

“मी कधी नको म्हनलं? रस्ता झालाच पायजे. त्या पोरीचा जीव घाबरा झालता.”

“मग तुमची हरकत काय आहे?”

“माझी कसली हरकत? मी म्हातारा मानूस. इचारतोय आपला.”

हे ‘आपलं विचारतोय’ आमच्या चांगलंच ओळखीचं आहे. बुवा असं म्हणाले की समोरच्याने बसून घ्यावं. पण गहिनीनाथाला बसता येत नव्हतं, कारण त्याला अजून कुणी आत बोलावलं नव्हतं.

“लिंबाच्या पलीकडून न्हाई जात का रस्ता?”

“पलीकडे मुलींच्या शाळेची भिंत आहे. तिच्या आत वर्ग आहेत. तिकडे जागाच नाही. एक तर मठाकडून जाईल, नाहीतर लिंबावरून जाईल. तिसरं काही नाही, बुवा. मी सगळं करून पाहिलं.”

“बरं.”

“आणि एका झाडाच्या बदल्यात आम्ही दहा झाडं लावणार आहोत. शहराबाहेरच्या वळणरस्त्याला.”

“दहा?” बुवांनी मान वर केली. “केवढाली?”

गहिनीनाथाने हात गुडघ्याशी धरला. मग थोडा वर घेतला.

बुवा त्या हाताकडे बघत राहिले. हात वाट पाहून पाहून आपसूक खाली गेला.

“त्यातल्या एकाखाली गाडी लावून येशील का रं, गहिनी? पुढच्या खेपेला?”

गहिनीनाथाने वळून गाडीकडे पाहिलं. टपावर पिकलेल्या निंबोळ्या पडल्या होत्या. एक खारूताई बॉनेटवर बसून त्यातली एक निवांत खात होती.

तो चिडला. चिडला की त्याचे कान लाल होतात, लहानपणापासून.

“बुवा, तुम्हाला काय माहीत मी काय केलंय ते! वरिष्ठांशी भांडलो. माझ्याविरुद्ध ओरड झाली, की हा मठातला पोरगा आहे, म्हणून मठ वाचवतोय. मी म्हणालो, हो! वाचवतोय! ह्या मठाचं मीठ खाल्लंय मी!”

त्याचा आवाज चिरकला. मला वाईट वाटलं. पोरगं खोटं बोलत नव्हतं. ज्या घरात आपण वाढलो त्यावर कुदळ पडू नये, यासाठी त्याने स्वतःची नोकरी पणाला लावली होती, आणि म्हातारा त्याला उंबऱ्यावर उभं करून झाडाची उंची विचारत होता. खरं सांगायचं तर मला बुवांचाच राग आला.

बुवांनी वाती बाजूला सारल्या.

“कुठं खाल्लंस?”

“काय?”

“मीठ. कुठं खाल्लंस?”

“मठात.”

“मठात कुठं?”

“मठात म्हणजे... पंगतीत.”

“पंगत कुठं बसायची?”

गहिनीनाथाला बघायचं नव्हतं, पण मान वळली आणि नजर गेलीच. आम्ही जिथे घेवडा निवडत होतो तिथे गेली. मठात चार माणसांपलीकडे पाचवं बसत नाही. आमची पंगत आजपर्यंत पारावर आणि पाराभोवतीच बसत आली आहे.

“आन् पाढे कुठं म्हनायचास? वरडून वरडून?”

“बुवा...”

“आन् कुठं निजायचास? तुजी माय बाजारातून यायची आन् तुला उचलून न्यायची, ती कुठून?”

निंबोळी पडल्याचा टप् असा आवाज झाला. मग आणखी एक.

“पण ते वेगळं आहे, बुवा,” गहिनीनाथ हळू आवाजात म्हणाला. “ते बाहेर होतं.”

बुवा हसले. पहिल्यांदाच हसले, आणि इतक्या मायेनं हसले की साळूबाईच्या हातातली शेंग हातातच राहिली.

“हां. बाहेर व्हतं.”

मग ते गुडघ्यावर हात देऊन उठले.

“उद्या येनार ना तुजी मानसं? करवती घेऊन?”

“सकाळी. म्हणूनच आज सांगायला आलो. बुंध्याला फुली मारून गेलीत काल.”

“पायली मी. कुनी कागूदबी ठोकलावता आधी, खिळ्यानं. मी खिळा काढून ठिवलाय. न्यायचा असंल तर ने.”

“ती नोटीस होती, बुवा!”

“आसंल. पन खिळा कशाला मारायचा?”

बुवा आतल्या अंधारात गेले. भांड्यांचा आवाज आला, पेटी सरकल्याचा आवाज आला. आम्हाला वाटलं, खिळाच शोधताहेत.

बाहेर आले ते वळकटी घेऊन.

“धर,” ते म्हणाले.

गहिनीनाथाने नकाशा काखेत मारला आणि उंबऱ्याबाहेरून हात पुढे केले. गुरूच्या हातात ओझं आहे आणि शिष्य बघत उभा आहे, हे आमच्याकडे होत नाही. साहेब असला तरी होत नाही.

“कुठे ठेवू?”

बुवांनी पाराकडे बोट केलं.

त्याने वळकटी आणून पारावर ठेवली. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने माझ्याकडे पाहिलं. दोघांनाही काही कळलेलं नव्हतं. परत गेला तर बुवा लोटा आणि समई घेऊन उभे होते. तेही आणून ठेवलं. मग कपड्यांचं गाठोडं. मग विणलेला पंखा. मग पत्र्याची पेटी, ती मात्र जड होती. बुवांनी ती आतून उंबऱ्यापर्यंत ढकलली आणि गहिनीनाथाने बाहेरून ओढली. उंबरा ओलांडून आत शिरला असता तर सोपं झालं असतं. तो शिरला नाही.

“सायबाचा सदरा मळला की रं,” बुवा म्हणाले.

“मळू द्या. हे काय चाललंय, बुवा?”

“उन्हाळा हाय. आत उकडतंय.”

पेटी रस्त्याच्या मधोमध आली आणि मागून रिक्षा आली. रिक्षावाला थांबला, खाली उतरला आणि न विचारता पेटीला एका बाजूने हात लावला. पेटी पारावर गेली, रिक्षा पुढे गेली.

शेवटी बुवा घोंगडी घेऊन बाहेर आले.

ती घोंगडी त्यांच्या गुरूंची. काळी, विरलेली, कडांना बुवांनी स्वतः किती वेळा टाके घातलेत. खोलीत भिंतीशी ती अंथरलेली असते आणि बुवा तिच्यावर बसतात. बुवांशिवाय तिला आजवर कुणी हात लावलेला मी पाहिला नव्हता. झाडायची तरी बुवाच झाडायचे.

बुवांनी ती उंबऱ्यावरून गहिनीनाथाच्या हातात दिली.

साळूबाई उठून उभी राहिली. मीही उठलो. मांडीवरचा घेवडा सगळा खाली सांडला.

“बुवा, ही नको,” गहिनीनाथ म्हणाला. “मी नाही नेणार ही.”

“का?”

“ही गादी आहे. हिची जागा...”

“जागा कुठली?”

“बुवा, मला कळतंय तुम्ही काय करताय. पण ही खोली गेली तर तुम्ही राहाल कुठे? ह्या वयात? पाऊस येईल, थंडी येईल...”

“सैपाकघर हाय की. साळू काय मला हाकलून देती का काय?”

“मी काय हाकलते!” साळूबाई पारावरून ओरडली. तिचा आवाज रडवेला झाला होता.

“आन् सांजच्याला तर मी तितंच असतो.” बुवांनी लिंबाकडे पाहिलं. “रेषा तू वाकवलीस ना रं, गहिनी?”

“हो.”

“म्हंजी ती वाकती.”

गहिनीनाथ घोंगडी दोन्ही हातांवर घेऊन तसाच उभा. लहान बाळ घेतात तशी धरली होती त्याने.

मग तो वळला आणि रस्ता ओलांडला. पाराच्या पूर्वेच्या अंगाला, बुंध्याला लागून, जिथे तो पोर असताना पाढे म्हणत बसायचा, तिथे त्याने घोंगडी अंथरली. चारही कोपरे ओढून सारखे केले आणि परत जाऊन उंबऱ्याशी उभा राहिला.

बुवांनी काठी घेतली. खोलीवरून एकदा नजर फिरवली. किती वर्षं राहिले त्या खोलीत! पण फार वेळ पाहिलं नाही त्यांनी. खाली वाकून उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला लावला आणि बाहेर पडले. गहिनीनाथाच्या अंगावरून गेले, पण थांबले नाहीत. हळूहळू, काठी टेकत, रस्ता ओलांडून आले आणि घोंगडीवर बसले.

पाठ बुंध्याला टेकली. तिथेच कालची लाल फुली होती. ती पाठीमागे गेली.

बुवांनी डोळे मिटले.

गहिनीनाथ एकटा दारात राहिला. दार उघडं, आत रिकामी खोली. घोंगडी काढलेल्या जागेवर जमिनीचा रंग वेगळा दिसत होता. आता आत बोलावायला कुणी नव्हतं आणि अडवायलाही कुणी नव्हतं. तरी त्याने पाऊल टाकलं नाही.

बराच वेळ गेला... रस्त्यावरून माणसं येत-जात होती. पारावरची पेटी, समई, वळकटी बघत होती. एक म्हातारी तर येऊन बुवांच्या पाया पडून, पिशवीतली दोन केळी ठेवून गेली. जागा बदलली आहे असं तिला वाटलेलं दिसलं नाही.

गहिनीनाथाने खिशातून फोन काढला.

“उद्याची माणसं थांबवा,” तो म्हणाला. “हो, लिंबाची... नाही, पुढे ढकलायचं नाही, रद्द. रेषा मूळ जागी जातेय... हो. मठावरून... माहीत आहे मला मी काय बोललो होतो.”

पलीकडून बरंच काही बोललं गेलं असावं. तो ऐकत राहिला. त्याचे कान लाल झाले.

“मठाची संमती?” तो म्हणाला आणि पाराकडे पाहिलं. बुवांचे डोळे मिटलेलेच होते. “आहे. सामानसुद्धा हललंय.”

फोन ठेवून तो गाडीशी गेला. डिकीतून लाल रंगाचा डबा काढला, कुंचला काढला. साहेब लोकांच्या गाडीत हे असतं, पाडायच्या गोष्टीवर खूण करायला.

मठाच्या भिंतीसमोर तो उभा राहिला. भिंतीला मागच्या दिवाळीचा चुना होता. दरवर्षी दिवाळीला तो स्वतः येऊन चुना लावायचा, साहेब झाल्यावरसुद्धा. दुसऱ्या कुणाला लावू द्यायचा नाही.

त्याने कुंचला बुडवला. हात उचलला. खाली घेतला. पुन्हा उचलला.

मला बघवेना. मी खाली सांडलेल्या शेंगा वेचायला लागलो. वर पाहिलं तेव्हा फुली झाली होती. दोन रेघा, एक सरळ आणि एक थरथरलेली. रंगाचे ओघळ चुन्यावरून खाली येत होते. गहिनीनाथाच्या हातावर, सदऱ्यावर, नकाशावर सगळीकडे लाल झालं होतं. त्याने कपाळ भिंतीला टेकलं होतं आणि तो रडत होता. लपवायचा त्याने प्रयत्नही केला नाही.

साळूबाई त्याच्याकडे जायला निघाली. बुवांनी डोळे न उघडता हात आडवा धरला.

ती थांबली.

वारा सुटला. लिंब हलला आणि पारावर, गाडीवर, रस्त्यावर, उंबऱ्यावर निंबोळ्या पडल्या. गहिनीनाथाच्या खांद्यावरही पडल्या. त्याने डोकं वर केलं, बाहीने तोंड पुसलं, गालावर लाल पट्टा उमटला. मग तो वळून बुवांकडे बघत तसाच उभा राहिला. आता कुठे जायचं, हे त्याला समजत नव्हतं.

बुवांनी डोळे उघडले.

“गहिनी...”

“जी, बुवा.”

“हात धू आन् आत ये. कवाधरनं बाहेर हुबा हायस.”